डार्क एनर्जी: स्थिरांक की फील्ड?

१९९८ मध्ये लांबचे सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) हिशोबापेक्षा १०-१५ टक्के दूर निघाले, म्हणजे विश्वाचा विस्तार वेग घेतोय, आणि त्यामागच्या अज्ञात ऊर्जेला डार्क एनर्जी म्हणतात, ते सगळ्यांना माहितीय. ती आइनस्टाइनच्या समीकरणातला कधी न बदलणारा स्थिरांक आहे की काळानुसार बदलणारं फील्ड, हा वाद आहे. पण स्केलर फील्डची (प्रत्येक बिंदूला फक्त एक आकडा असलेलं फील्ड) कल्पना त्याच्या दहा वर्षं आधीची आहे, १९८८ ची. तेव्हा विस्तार वेग घेतोय याचा पुरावाच नव्हता. स्थिरांक इतका बारीक का हा प्रश्न होता, आणि उत्तर असं सुचवलं गेलं की तो स्थिरांक नाहीच, सगळीकडे भरलेलं एक फील्ड आहे जे उतारावरून हळूहळू खाली येतंय, विश्व म्हातारं झालं म्हणून तेही ओसरलंय. (साठच्या दशकात केंब्रिजमध्ये आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांनी गुरू फ्रेड हॉयलसोबत ऋण ऊर्जेचं फील्ड मांडलं होतं, त्यातही विस्तार वाढत्या वेगाचाच होता. हे फार कमी लोक सांगतात आणि मला त्याचं वाईट वाटतं.) १९८८ च्या त्या फील्डचं क्विंटेसन्स हे नाव मात्र १९९८ चंच.

आता खरा गुंता, डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे दाब भागिले ऊर्जाघनता. फील्डची ऊर्जा १०० धरा, त्यातली ५ गतिज आणि ९५ स्थितिज, तर दाब (गतिज वजा स्थितिज) ५ वजा ९५ म्हणजे उणे ९०, आणि डब्ल्यू उणे ०.९. फील्ड जागेवर थांबलं की बरोबर उणे १, म्हणजे स्थिरांकच. साध्या फील्डला उणे १ च्या खाली जाताच येत नाही, कारण त्यासाठी गतिज ऊर्जा ऋण लागेल.

पण डेटा बसवताना फील्ड कोणी बसवतच नाही! २००० नंतर सोय म्हणून दोन आकडे रूढ झाले, डब्ल्यूची आजची किंमत आणि तिचा बदल, दोन्ही मिळून एक सरळ रेघ. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. २०२५ च्या मार्चमध्ये अ‍ॅरिझोनातल्या दुर्बिणीवरच्या डेसी (DESI) सर्वेक्षणाने १.४ कोटींहून जास्त दीर्घिका आणि क्वेसारांचा (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचा) नकाशा दिला, तो इतर डेटाशी जोडल्यावर रेघ पूर्वी उणे १ च्या खाली आणि आता वर दिसते, कुठला सुपरनोव्हा संच घेता त्यावर खात्री २.८ ते ४.२ सिग्मा (पक्का शोध म्हणायला ५ लागतात). लगेच 'साधं फील्ड बाद' म्हणणारे निघाले. पण बराच काळ थिजलेलं आणि अलीकडेच घसरायला लागलेलं साधं फील्ड या रेघेत कोंबलं तरी ती भूतकाळात उणे १ च्या खाली जाऊ शकते, फील्ड स्वतः तिथे कधी गेलेलं नसताना.