मॉटली, कॉन्स्टन्स बेकर

मॉटली, कॉन्स्टन्स बेकर : (१४ सप्टेंबर १९२१ – २८ सप्टेंबर २००५). अमेरिकन वकील, न्यूयॉर्कच्या राज्य सिनेटर व संघीय न्यायाधीश. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे जन्म. आईवडील कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावरून आलेले, वडील स्वयंपाकी. घरची ऐपत नव्हती. एका सभेतील कॉन्स्टन्स यांचे भाषण ऐकून क्लॅरेन्स ब्लेकस्ली या स्थानिक धनिकाने शिक्षणाचा भार उचलला. १९४६ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

विद्यार्थिदशेतच त्या नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या ‘लीगल डिफेन्स फंड’ या कायदेविषयक संस्थेत रुजू झाल्या. शाळांतील वंशभेद संपवणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्याचा मूळ दावा लिहिण्यात त्यांचा हात होता. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला १९६२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो त्यांनी लढवलेल्या खटल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले चालवले आणि नऊ जिंकले. हरलेला दहावा, ‘स्वेन विरुद्ध अलाबामा’, ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याविषयी होता. त्यातील निर्णयाचा गाभाही त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये मोडीत काढला.

राजकारण मात्र जेमतेम अडीच वर्षांचे. फेब्रुवारी १९६४ मध्ये पोटनिवडणूक जिंकून त्या न्यूयॉर्क राज्य सिनेटमध्ये गेल्या. तेथील त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री सदस्य. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन या विभागाच्या (बरो) अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. त्या पदावर त्यापूर्वी एकही स्त्री बसली नव्हती.

१९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयासाठी नामनिर्देशित केले. मिसिसिपीचे सिनेटर जेम्स ईस्टलंड यांनी नेमणूक काही महिने रोखून धरली. मेरेडिथचा खटला त्यांच्याच राज्यातला, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. अखेर ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली व त्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री संघीय न्यायाधीश झाल्या. १९८२ ते १९८६ या काळात त्या या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या.

स्त्री वकिलांना डावलल्याच्या एका दाव्यात प्रतिवादी वकिली संस्थेने, न्यायाधीश स्वतः स्त्री असल्याने व पूर्वी भेदभावाविरुद्ध लढल्याने त्यांनी बाजूला व्हावे, असा अर्ज केला. १९७५ मध्ये तो फेटाळताना त्यांनी दाखवून दिले, की वंश किंवा लिंग आडवे येऊ लागले तर या न्यायालयातील एकाही न्यायाधीशाला हा दावा ऐकता येणार नाही. लिंग आणि वंश प्रत्येकालाच असतो. १९७८ चा ‘लुड्टके विरुद्ध कुन’ निकाल अधिक गाजला. न्यूयॉर्कमधील यांकी या बेसबॉल स्टेडियमच्या ड्रेसिंग रूममध्ये पुरुष पत्रकारांना मुभा आणि मेलिसा लुड्टके या महिला पत्रकाराला बंदी होती. स्टेडियम शहराच्या मालकीचे असल्याने राज्यघटनेची, कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती येथे लागू होते, असे धरून त्यांनी ही बंदी रद्द केली.