साप चावल्यावर दोरी नको, ब्लेड तर नकोच

"साप चावला की वर दोरी करकचून आवळा, ब्लेडने चीर द्या, विष चोखून थुंका." स्काऊटच्या शिबिरात आम्हीही हेच शिकलो, शिकवणाऱ्यांनीही मनापासून शिकवलं. पण ते बरोबर नाही.

करंगळीला दोरा घट्ट गुंडाळून अर्धा मिनिट बघा. बोट जांभळं पडतं, ठणकायला लागतं. दवाखाना दोन तासांवर असेल तर अख्ख्या पायाचं हेच होतं, मांस कुजू शकतं. शिवाय घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. म्हणून तर दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून पाहतात. अशा वेळी दिलेली चीर वाहतच राहते. आणि चोखून विष निघत नाही, ते आत खोल गेलेलं असतं.

शिबिरात एखाद्या मुलाला साप चावलाच, तर त्याला चालू देऊ नका. सूज येते, म्हणून बूट, पैंजण, अंगठी काढा. काठी आणि स्कार्फने पाय हलणार नाही इतपतच बांधा, धीर द्या, १०८ ला फोन करा, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नाही. ते प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, हे शिबिराची जागा ठरवतानाच विचारून घ्या. तिथले डॉक्टर दोरीबद्दलही सांगतील.