नेमप्लेटवर 14.5, डायलवर 8.4

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मागच्या उन्हाळ्यात सँड मिक्सरची 10 एचपीची मोटर जळाली, आणि गंमत म्हणजे सेटिंग अगदी पुस्तकाप्रमाणं केलं म्हणून जळाली.

झालं असं, ऑर्डरची घाई म्हणून पोरं मिक्सरमध्ये वाळू ठासून भरायला लागली आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा राखणदार, सारखा ट्रिप व्हायला लागला. नवीन वायरमननं मोटरची नेमप्लेट बघितली, पूर्ण लोडचा करंट 14.5 अँपिअर, आणि रिलेचा डायल बघितला तर 8.4. "सेटिंगच चुकलंय की हो!" 6 ते 10 अँपिअरचा रिले काढला, 9 ते 15 चा बसवला, डायल 14.5 वर. ट्रिपिंग बंद, मालक खूश, आणि आठ-दहा दिवसांत वाइंडिंगचा, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीचा, जळका वास.

आता हा रिले करतो काय ते बघा. आत प्रत्येक फेजला एक बायमेटलची पट्टी असते, दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, गरम झाले की एक जास्त प्रसरण पावतो म्हणून पट्टी वाकते, वाकून दांडी ढकलते आणि कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या, कॉइलचा सप्लाय तुटतो. म्हणजे मोटर किती तापलीय हे रिलेला थेट कळतच नाही, तो नुसता करंटवरून मोटरच्या तापण्याची नक्कल करतो. कुणाची नक्कल करायची ते डायल सांगतो. स्टार्टिंगला सहा-सात पट करंट येतो तरी तो लगेच पडत नाही, म्हणजे ट्रिप होत नाही, याचं कारणही तेच, पट्टी तापायला वेळ लागतो. क्लास 10 चा (क्लास म्हणजे किती वेळात पडायचं त्याचा वर्ग) रिले सेटिंगच्या 7.2 पट करंटला 10 सेकंदांच्या आत पडतो, पण 1.05 पटीला दोन तास थांबला तरी पडत नाही, पडायला नकोच.

मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या साध्या डीओएल स्टार्टरला नेमप्लेटचा आकडा लावला की झालं. "थोडं वर ठेवू, कटकट नको" हा प्रकार मात्र महागात पडतो, कारण वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. डायल 20 टक्के वर ठेवला तर 1.26 पट (1.2 गुणिले 1.05) करंट निवांत चालतो आणि उष्णता होते दीडपटीच्या वर. इन्सुलेशनचं ढोबळ गणित असं की दर 10 अंशाला आयुष्य निम्मं.

पण हा मिक्सर होता स्टार-डेल्टावर, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर चालू करून मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या स्टार्टरवर, खरी गोम इथंच आहे. बहुतेक पॅनेलमध्ये रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, डेल्टाच्या आत असतो, तिथं लाइनचा करंट जात नाही, फक्त एका वाइंडिंगचा जातो, म्हणजे लाइन भागिले 1.73. 14.5 गुणिले 0.58 (1 भागिले 1.73), आले 8.4. जुन्या वायरमनचं बरोबर होतं! नव्यानं 14.5 लावल्यावर वाइंडिंगमध्ये 1.73 पट करंट गेला तरी रिले गप्प, आणि 1.73 चा वर्ग म्हणजे 3. तिप्पट उष्णता सहन करणारी मोटर आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी बनवत नाही, बाहेरही नाही. रिले लाइनमध्येच, मेन, स्टार, डेल्टा या तिन्ही कॉन्टॅक्टरच्या आधी असेल तर मात्र पूर्ण 14.5 च लावायचं, म्हणून आधी वायर कुठनं कुठं जातीय ते बघा, मग स्क्रू ड्रायव्हर काढा. टंग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचा मीटर) लावून एकदा चालू करंटही बघा, विशेषतः रिवाइंड केलेल्या मोटरचा.

आणि एक, फाउंड्रीत वाळू उडून मोटरच्या फिन्स भरतात, फॅन कव्हर गच्च होतं. करंट तेवढाच, हवा नाही, मोटर आतून भाजतेय, आणि रिलेला पत्ताच नाही. तिथं वाइंडिंगमध्ये बसवलेला थर्मिस्टर, म्हणजे थेट तापमान ओळखणारा सेन्सरच कामाला येतो, किंवा आठवड्याला ब्लोअर मारणारा माणूस.

नवीन मोटर बसली. 6 ते 10 चा रिले भंगारच्या डब्यातनं परत आला, डायल 8.4 वर आणि त्यावर कुणाच्या तरी घरातनं आणलेल्या लाल नेलपेंटचा ठिपका.