मिसिसिपीचं पाणी दीड फूट उतरवलं तेव्हा

वरच्या मिसिसिपीवरची धरणं पुरासाठी बांधलेली नाहीत. १९३० साली अमेरिकी काँग्रेसने मंजुरी दिली ती बार्जसाठी, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावांसाठी, किमान ९ फूट खोल मार्ग राखायला. पूर आला की दरवाजे पाण्याबाहेर उचलतात, नदी मोकळी वाहते. त्यामुळे पूर अजूनही येतात. उन्हाळ्यातलं ओसरणं तेवढं संपलं.

धरणामागच्या फुगवट्यात सगळीकडे सारखं नुकसान झालेलं नाही. वरच्या टोकाला बेटं, फाटे, दलदली बऱ्याच अंशी जुन्याच आहेत. धरणालगतचा सखल भाग मात्र कायमचा बुडाला. तिथे वाऱ्याला अडवायला काही नाही. लाटा बेटांचे काठ खातात, तळातला बारीक गाळ ढवळतात. पाणी गढूळलं की पाणवनस्पतींना उजेड मिळत नाही, आणि वनस्पती गेल्या की लाटा आणखी मोकाट. ॲरोहेडसारख्या काठच्या वनस्पतींचं बी गाळात असतं, पण ते रुजायला चिखल उघडा पडावा लागतो.

म्हणून २००१ आणि २००२ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या जेनोआ इथल्या आठव्या धरणाशी पाणी सुमारे दीड फूट उतरवलं. जवळपास २००० एकर तळ उघडा पडला आणि आपल्याकडच्या गाळपेरीसारखा हिरवा झाला, फक्त पेरणी कुणी केली नव्हती. सुकलेला गाळ घट्ट बसतो, पाणी परतल्यावरही सहज ढवळत नाही. सलग दुसरा उन्हाळा महत्त्वाचा, कारण बियांपासून उगवलेलं ॲरोहेड पहिल्या हंगामात फारसे कंद धरत नाही. हे कंद शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले टुंड्रा हंस उकरून खातात.

दीड फूट उतार धरणापाशीच. वरच्या बाजूला तो कमी होत जातो. तरी मार्गातल्या उथळ जागांचा गाळ आधीच उपसावा लागतो, नाहीतर बार्ज रुततील. पाणी हळूहळूच उतरवायचं. घाई केली तर सावकाश सरकणारे शिंपले चिखलात अडकून उन्हात मरतात. सावकाश उतरवूनही काही मरतातच. प्रवाह फार घटला तर ९ फुटांसाठी पाणी पुन्हा चढवावं लागतं, आणि अवेळी पूर आला तर कोवळी रोपं बुडतात. हिवाळ्यात हा प्रयोग करू नये: बर्फाखाली संथ फाट्यांत थांबलेल्या ब्लूगिल माशांना खोली आणि प्राणवायू दोन्ही कमी पडतात.