प्रेषितीय उत्तराधिकाराचा वाद

प्रेषितीय उत्तराधिकार म्हणजे येशू ख्रिस्ताने आपल्या प्रेषितांना (धर्मकार्यासाठी पाठविलेल्या निवडक शिष्यांना) दिलेला अधिकार त्यांच्याकडून पहिल्या बिशपांकडे (प्रदेशागणिक चर्चच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यांकडे) आणि तेथून एका बिशपाकडून दुसऱ्या बिशपाकडे, डोक्यावर हात ठेवून दिल्या जाणाऱ्या दीक्षेच्या द्वारे, आजतागायत अखंड चालत आला आहे असे मानणारा ख्रिस्ती सिद्धांत होय. रोमन कॅथलिक, ऑर्थडॉक्स आणि अन्य पौर्वात्य चर्चना तो मान्य आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांना या अर्थाने तो मान्य नाही. खरे चर्च कोणते, ते केव्हा सुरू झाले आणि त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नांवर सोळाव्या शतकापासून उभय पक्षांत जो वाद चालत आला, त्याच्या मध्यभागी हा सिद्धांत आहे. हा वाद दिसतो इतिहासाचा. परंतु सातत्य कशाला म्हणावे याचे दोन पक्षांचे माप मुळातच वेगळे आहे. कॅथलिकांच्या मते ते रीतसर अधिकार मिळालेल्या व्यक्तींच्या परंपरेत असते, तर प्रॉटेस्टंटांच्या मते प्रेषितांच्या शिकवणुकीत असते. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदाने एखादा तपशील कायमचा निकालात काढला, तरी मूळ वाद बहुधा जागच्या जागी राहिला.

आधार आणि प्राचीन साक्षी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू आपला प्रेषित पेत्र (या नावाचा अर्थ खडक) याला उद्देशून ‘या खडकावर मी आपली मंडळी (म्हणजे चर्च) रचीन’ असे म्हणतो आणि स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या त्याला देण्याचे वचन देतो. पेत्र हा रोमचा पहिला बिशप आणि पोप हे त्याचे वारस, ही कॅथलिक भूमिका या वचनाचा मुख्य आधार घेते. येथील खडक म्हणजे पेत्राने व्यक्त केलेली श्रद्धा किंवा स्वतः ख्रिस्त, असे प्रॉटेस्टंट भाष्यकार दीर्घकाळ मानत आले. प्राचीन चर्चमधील थोर धर्मशास्त्रज्ञ संत ऑगस्टीनने उतारवयात आपल्याच लेखनाची फेरतपासणी करताना दोन्ही अर्थ नोंदवून निवड वाचकावर सोपविली. साहजिकच दोन्ही पक्षांनी त्याला आपला साक्षीदार म्हणून उभे केले आहे.

पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला एक पत्र पाठविले. ते क्लेमेंटचे म्हणून ओळखले जाते. प्रेषितांनी अध्यक्ष व सेवक नेमले आणि त्यांच्यामागे इतरांनी ती सेवा पुढे चालवावी अशी व्यवस्था केली, असे त्यात म्हटले आहे. कॅथलिकांना यात उत्तराधिकाराचा सर्वांत जुना पुरावा दिसतो. त्याच पत्रात बिशप आणि मंडळीचे वडील (ज्येष्ठ सेवक) ही पदे वेगळी केलेली नाहीत, हे प्रॉटेस्टंट लक्षात आणून देतात. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा अँटिऑकचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत प्रत्येक नगराला एक बिशप असा आग्रह स्पष्ट आहे, पण रोमकरांना लिहिलेल्या त्याच्या पत्रात तेथील बिशपाचा उल्लेखच येत नाही.

सर्वांत महत्त्वाची साक्ष लायन्सचा बिशप इरेनियस याची आहे. इ. स. १८० च्या सुमारास, प्रेषितांनी काही निवडक शिष्यांना गुप्त ज्ञान दिले होते असे सांगणाऱ्या ज्ञेयवाद्यांना उत्तर देताना त्याने लायनसपासून इल्यूथेरसपर्यंत रोमच्या बारा बिशपांची यादी दिली. बिशप कोण होते हे सर्वांना ठाऊक आहे, ते काय शिकवीत हेही ठाऊक आहे, मग गुप्त शिकवण आली कोठून, असा त्याचा बिनतोड प्रश्न होता. म्हणजे इरेनियसच्या लेखी यादी ही शिकवण शुद्ध राहिल्याची खूण होती. पुढे कॅथलिकांनी या युक्तिवादातील यादीवर भर दिला आणि प्रॉटेस्टंटांनी शिकवणुकीवर. इरेनियसला स्वतःला अशी फाळणी सुचलीही नसती.

रोममध्ये एकच बिशप असण्याची पद्धत दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपास स्थिरावली, असे आज अनेक कॅथलिक अभ्यासकही मानतात. फ्रान्सिस सलिव्हन या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) धर्मशास्त्रज्ञाने तसे मोकळेपणी मांडले, पण ही वाढ पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाखाली झाली असल्याने तिचे बंधनकारकत्व कमी होत नाही, असेही म्हटले. उलट बाजूने, ऑस्कर कुलमान या प्रॉटेस्टंट विद्वानाने १९५२ मध्ये पेत्रावरील ग्रंथात खडक म्हणजे पेत्रच आणि तो रोममध्येच हुतात्मा झाला, हे दोन्ही मान्य केले. फक्त चर्चचा पाया एकदाच घातला जातो, तो अधिकार वारसाने पुढे जात नाही, असा निष्कर्ष काढला. समोरच्या पक्षाचे सगळे पुरावे स्वीकारूनही आपल्या ठिकाणी राहता येते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

धर्मसुधारणेतील सामना

१५१९ च्या उन्हाळ्यात लाइपसिक येथे धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर आणि कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ योहान एक यांच्यात जाहीर वादसभा झाली. पोपचे प्रमुखत्व ईश्वरी विधानाने आलेले आहे, असे एकने प्रतिपादन केले. तसे असेल तर रोमच्या आधीन नसलेली ग्रीक चर्चे आणि त्यांतील संत शतकानुशतके ख्रिस्ती नव्हते काय, असे ल्यूथरने विचारले. योहान एक हा कसलेला वादपटू होता. त्याने चर्चा १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने जाळून मारविलेल्या यान हुस या बोहेमियातील सुधारकाकडे वळविली आणि हुसची काही मते खरी ख्रिस्ती होती, परिषदाही चुकू शकतात, असे ल्यूथरच्या तोंडून वदवून घेतले. तेथून माघार घेण्याची वाट उरली नाही. पुढल्याच वर्षी ल्यूथरने लिहिले, की अरण्यात सापडलेल्या काही ख्रिस्ती लोकांजवळ बिशपाने दीक्षा दिलेला धर्मगुरू नसेल आणि त्यांनी आपल्यातूनच एकाला निवडले, तर तो खराच धर्मगुरू होय.

१५३० च्या, ल्यूथरपंथीयांच्या आउग्सबुर्ग श्रद्धानिवेदनात चर्चची व्याख्या ‘जेथे शुभवर्तमान शुद्ध स्वरूपात शिकविले जाते आणि संस्कार यथायोग्य दिले जातात असा भाविकांचा मेळा’ अशी आली. बिशपांना तिच्यात स्थान नव्हते, तथापि ल्यूथरपंथीयांनी ते पद तत्त्वतः नाकारलेही नाही. व्यवहारात जे घडले ते देशागणिक वेगळे होते. स्वीडनमध्ये जुनी बिशप परंपरा टिकून राहिली. डेन्मार्कमध्ये १५३७ साली योहानेस बुगेनहागेन या साध्या धर्मगुरूने बिशपांच्या जागी आलेल्या सात नव्या अधीक्षकांना दीक्षा दिली आणि साखळी तुटली. दोन्ही राष्ट्रे ल्यूथरपंथीयच राहिली.

१५३९ मध्ये कार्दिनल साडोलेटो याने जिनिव्हाच्या नागरिकांना पत्र लिहून पंधरा शतकांच्या चर्चकडे परत येण्याचे आवाहन केले. जिनिव्हाने हद्दपार केलेल्या कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट सुधारकाने स्ट्रासबुर्गहून त्याला उत्तर दिले. प्राचीन काळाशी आमचे नाते तुमच्यापेक्षा जवळचे आहे, आम्ही मोडकळीस आलेल्या चर्चचे जुने रूप परत आणत आहोत, हा त्याचा दावा होता. नवेपणाचा आरोप दोन्ही बाजूंना सारखाच झोंबत होता, हे या पत्रव्यवहारातून दिसते. ‘आम्ही नवीन आहोत’ असे अभिमानाने म्हणणारा त्या शतकात सहसा कोणी नव्हता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये, चर्चच्या अधिकाराने रीतसर दीक्षा न मिळता अन्य मार्गाने आलेले लोक वैध सेवक आहेत असे म्हणणाऱ्यांना शापित ठरविले.

यानंतर वाद इतिहासलेखनात उतरला. ‘ल्यूथरपूर्वी तुमचे चर्च कोठे होते?’ हा कॅथलिकांचा ठेवणीतला प्रश्न होता. फ्लासियस इलिरिकस या ल्यूथरपंथीयाने १५५६ मध्ये प्रत्येक शतकात पोपला विरोध करणाऱ्या साक्षीदारांची जंत्री छापली आणि पुढे त्याच्या सहकाऱ्यांसह चर्चचा शतकवार इतिहास तेरा खंडांत आणला. त्याला उत्तर म्हणून सीझर बॅरोनियस या कॅथलिक इतिहासकाराने १५८८ ते १६०७ या काळात बारा खंड लिहिले. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ रॉबर्ट बेलार्मीनने खऱ्या चर्चची पंधरा लक्षणे सांगितली आणि चर्च हे फ्रान्सच्या राज्याइतके किंवा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाइतके दृश्य असते असे बजावले. दोन्हीकडे हत्यार म्हणून लिहिल्या गेलेल्या या ग्रंथांनी मूळ कागदपत्रे धुंडाळण्याची शिस्त मात्र रुजविली. पोपपदावर एकदा योहाना नावाची स्त्री बसली होती ही प्रॉटेस्टंटांची आवडती कथा १६४७ मध्ये दाव्हिद ब्लोंडेल या फ्रेंच प्रॉटेस्टंटानेच खोडून काढली, आणि पोपच्या ऐहिक सत्तेला आधार दिला जाणारा सम्राट कॉन्स्टंटाइनचा दानलेख बनावट असल्याचे त्याच्या दोनशे वर्षे आधी, १४४० मध्ये, लोरेंझो वाल्ला या कॅथलिक विद्वानानेच दाखविले होते.

अँग्लिकन दीक्षांचा प्रश्न

इंग्लंडमध्ये वादाला विशेष धार आली, कारण तेथील (अँग्लिकन) चर्चने रोमशी संबंध तोडूनही बिशप आणि दीक्षाविधी राखले होते. १७ डिसेंबर १५५९ रोजी लंडनमधील लँबेथ प्रासादात मॅथ्यू पार्कर याला चार बिशपांनी कँटरबरीच्या आर्चबिशपपदाची दीक्षा दिली. पुढच्या अँग्लिकन बिशपांची परंपरा याच दीक्षेशी येऊन मिळते. हा विधी प्रत्यक्षात चीपसाइडमधील ‘नॅग्ज हेड’ नावाच्या खानावळीत थट्टेवारी उरकण्यात आला, अशी कथा सतराव्या शतकाच्या आरंभी कॅथलिक लेखनातून पसरली. आर्चबिशप ॲबट याने १६१४ मध्ये कैदेतील काही कॅथलिक धर्मगुरूंना बोलावून लँबेथची मूळ नोंदवही दाखविली, तरी कथा दोन शतके फिरत राहिली. एकोणिसाव्या शतकात जॉन लिंगार्ड या कॅथलिक धर्मगुरू-इतिहासकाराने ती टाकाऊ ठरविली.

तेव्हा आक्षेपाचे स्वरूप बदलले. पोप लिओ तेरावा याने १८९६ मध्ये अँग्लिकन दीक्षा ‘पूर्णतः शून्यवत’ असल्याचा निर्णय दिला, तो खानावळीच्या कथेवर आधारलेला नव्हता. इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड याच्या काळातील दीक्षाविधीतून मिस्साचा यज्ञ अर्पण करणाऱ्या धर्मगुरूचा भाव हेतुपुरस्सर काढून टाकल्यामुळे विधीची शब्दरचना आणि त्यामागील हेतू या दोन्हींत दोष आला, आणि १६६२ मध्ये केलेली सुधारणा फार उशिरा झाली, असे त्याचे म्हणणे होते. कँटरबरी व यॉर्कच्या आर्चबिशपांनी १८९७ मध्ये उत्तर दिले, की हीच कसोटी लावली तर रोमचे स्वतःचे प्राचीन दीक्षाविधीही अपुरे ठरतील. हे उत्तर वजनदार आहे, आणि कॅथलिक धर्मशास्त्रज्ञांत त्यावर आजही चर्चा होते.

१९३१ नंतर अँग्लिकन दीक्षांमध्ये ओल्ड कॅथलिक (रोमपासून वेगळ्या झालेल्या कॅथलिक चर्चचे) बिशप सहभागी होऊ लागले. त्यांच्या दीक्षा रोम वैध मानते. त्यामुळे लंडनचे माजी अँग्लिकन बिशप ग्रॅहम लेनर्ड कॅथलिक झाले, तेव्हा १९९४ मध्ये त्यांना ‘पूर्वीची दीक्षा वैध नसल्यास’ अशा अटीवर गुरुदीक्षा देण्यात आली.

भारतातील संदर्भ

वैध दीक्षा आणि नियमसंमत दीक्षा यांत कॅथलिक शास्त्र भेद करते. चर्चपासून फुटलेला बिशपही वैध दीक्षा देऊ शकतो. या भेदाचा एक लांबवर गेलेला परिणाम गोव्याशी जोडलेला आहे. वेर्णे येथील आंतोनियो फ्रान्सिश्कु शाव्हियर आल्वारिश हे धर्मगुरू पोर्तुगीज धर्मसत्तेशी संघर्ष होऊन कॅथलिक चर्चमधून बाहेर पडले आणि १८८९ मध्ये केरळमधील मलंकर सिरियन परंपरेत मार जूलियस या नावाने बिशप झाले. १८९२ मध्ये कोलंबो येथे त्यांनी अमेरिकेत काम करणाऱ्या जोसेफ रेने व्हिलात याला बिशपपदाची दीक्षा दिली. अमेरिका व युरोपातील कितीतरी छोटी स्वतंत्र चर्चे आपली प्रेषितीय परंपरा या एका दीक्षेपाशी नेऊन पोचवितात.

प्रॉटेस्टंट एकीकरणातही हाच प्रश्न आड आला. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बिशप नसलेल्या चर्चमधून आलेल्या पाळकांना पुन्हा दीक्षा न देता स्वीकारण्यात आले आणि पुढील सर्व दीक्षा बिशपांच्या हस्ते व्हाव्यात असे ठरले. इंग्लंडमधील कॅथलिक वळणाच्या अँग्लिकनांनी त्यावर तीव्र हरकत घेतली. हा अनुभव जमेस धरून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने वेगळी वाट धरली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चे एक झाली, त्या प्रसंगी विविध परंपरांच्या प्रतिनिधींनी परस्परांवर हात ठेवून प्रार्थना केली. ही कोणाची नवी दीक्षा आहे की सेवकपणांचे एकत्रीकरण, हे मुद्दामच नेमके सांगितले गेले नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून तत्कालीन अहमदनगर भागात वाढलेल्या मंडळ्यांत पूर्वी बिशपपदच नव्हते. या एकीकरणानंतर त्याही बिशपांच्या परंपरेत आल्या.

सद्यःस्थिती

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये प्रॉटेस्टंटांना ‘विभक्त बंधू’ म्हटले आणि त्यांच्या संस्कारांतही कृपेचे कार्य घडते हे मान्य केले, परंतु दीक्षेतील उणिवेचा उल्लेख करून त्यांच्या संघटनांसाठी ‘चर्चस्वरूप समुदाय’ हा शब्दप्रयोग योजला. २००० साली व्हॅटिकनच्या एका घोषणापत्राने, वैध बिशपपद नसलेले समुदाय खऱ्या अर्थाने चर्च नव्हेत, असे पुन्हा सांगितले आणि प्रॉटेस्टंट जगतात नाराजी उमटली. दरम्यान १९८२ मध्ये लिमा येथे तयार झालेल्या, विविध चर्चांच्या आणि कॅथलिक धर्मशास्त्रज्ञांचाही सहभाग असलेल्या निवेदनाने बिशपांची परंपरा ही चर्चच्या सातत्याची खूण आहे, हमी नव्हे, अशी मध्यम मांडणी पुढे ठेवली.

माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो या ल्यूथरच्या मूळ प्रश्नावर ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सेवकपणाच्या वैधतेवर तशी सहमती झालेली नाही. कॅथलिक धर्मगुरू अँग्लिकन झाला तर त्याला पुन्हा दीक्षा दिली जात नाही, मात्र अँग्लिकन धर्मगुरू कॅथलिक होऊन ती सेवा पुढे चालवू इच्छित असेल तर त्याला नव्याने दीक्षा घ्यावी लागते. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये अशा लोकांसाठी स्वतंत्र कॅथलिक व्यवस्था उभी राहिली, तेव्हा तिच्यात आलेल्या माजी अँग्लिकन बिशपांनाही डीकन (धर्मगुरूच्या आधीचे पद) आणि धर्मगुरू या पायऱ्यांनी नव्याने दीक्षा देण्यात आली.