टँकरमधला ‘टँक’ आला कुठून?

मार्च सरला की मराठवाड्यात एक शब्द सगळ्यांच्या तोंडी येतो, टँकर. टँकर मंजूर झाला का, आज खेप येणार का उद्या, विहिरीत सोडायचा का दारापुढं ड्रम लावायचे. शाळेचं तोंड न बघितलेली आजी पण हा शब्द सहज बोलते आणि तो इंग्रजी आहे असं आपण सगळेच धरून चालतो. पण त्यातल्या ‘टँक’चा माग काढत गेलं की आपण फिरून आपल्याच खडकापाशी येतो, आणि हे आपल्या भागातल्या लोकांना तरी माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पितळखोऱ्याच्या लेण्यात जा, वेरूळला जा नाहीतर देवगिरीच्या किल्ल्यावर चढा, खडकात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. एकाला टाकं म्हणायचं, जुन्या लिहिण्यात टांकें. वरचं तोंड बऱ्याचदा चौकोनी आणि लहान, आत मात्र खडक पोखरत नेलेला, त्यामुळं ऊन लागत नाही आणि पाणी उडून जात नाही. आत वाकून बघितलं तर भिंतीवर हत्याराचे तिरके घाव अजून मोजता येतील इतके स्पष्ट असतात. त्या हत्याराला पण आपण टाकीच म्हणतो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही त्यातली टाकी, आणि संस्कृतात टङ्क म्हणजे दगड फोडायचं हत्यार. टाकीनं कोरलेलं ते टाकं, हे नातं मला पटतं, पण काही अभ्यासक टाकं हे तडाग म्हणजे तलाव या शब्दापासून आलं असं मानतात. अजून एक गोष्ट, सातवाहनांच्या काळातल्या जुन्नर, कान्हेरीच्या शिलालेखात अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणलेलं आहे, म्हणजे टाकं हे नाव मागाहून रुळलेलं दिसतं.

आता पोर्तुगीज. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला, तिथल्या एका देवळाला ही मंडळी चर्च समजली, भिंतीवरचे चार-पाच हातांचे देव त्यांना संत वाटले, आणि त्याच प्रवासाच्या रोजनिशीत त्या देवळाखाली घडीव दगडाचं मोठं ‘तांक’ होतं असं लिहिलंय. म्हणून भांडण असं आहे की हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडून उचलला का घरून सोबत आणला. कारण त्यांच्या भाषेत एस्तांकार म्हणजे वाहतं पाणी अडवणं, त्यावरून तांक सरळ तयार होतो. दुसरीकडं गुजरातीत टांकुं, मराठीत टांकें, अर्थ तोच. हेन्री यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये काढलेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात पण ह्याच्यावर खल केलेला आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूनं आलेले दोन ओढे एकत्र झाले, पण इंग्रजांनी सतराव्या शतकात टँक लिहायला सुरुवात केली ती हिंदुस्थानातलं पाणी साठवायचं ठिकाण दाखवायलाच, आणि भांडं किंवा पेटी हा अर्थ नंतर चिकटला, हे महत्त्वाचं.

तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. दक्षिणेत सिंचनाच्या तलावाला इंग्रजीत टँकच म्हणतात. निजामाच्या राज्यात आपली राजधानी हैदराबाद, तिथं हुसेनसागरच्या बांधावरच्या रस्त्याचं नाव टँक बंड. त्यातला बंड म्हणजे आपला बांध, उठाव नव्हे.

मग लढाईचा टँक कुठून आला, हा खरा मजेशीर भाग. पहिल्या महायुद्धात खंदक आणि काटेरी तारा ओलांडून जाईल असं चिलखती वाहन इंग्रज गुपचूप बनवत होते. १९१५ मध्ये चर्चिल नौदलाचे मंत्री असताना त्यासाठी समिती नेमली होती, तिचं नाव लँडशिप्स कमिटी, जमिनीवरची जहाजं. एवढं लोखंडी धूड लपवायचं कसं, तर हे मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी न्यायचं भांडं आहे असं सांगायचं ठरलं. वॉटर कॅरिअर म्हणावं तर त्याची आद्याक्षरं डब्ल्यू सी, म्हणजे संडास, असल्या नावाची समिती कोण चालवणार, म्हणून वर्षाच्या शेवटी टँक हा शब्द पक्का केला. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा मैदानात आले आणि पाण्याचं खोटं नाव कायमचं बसलं. मराठीनं मात्र रणगाडा हा स्वतःचा शब्द केला आणि तो टिकला, ह्याचा मला आनंद वाटतो.

पाण्याचा आणि लढाईचा, हे दोन्ही टँक मराठवाड्यात एकाच ठिकाणी भेटलेत, धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गला. तिथं आदिलशाहीत बोरी नदीवर किल्ल्यालाच जोडून दगडी बंधारा बांधला आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल केला, पावसाळ्यात वरून पाणी पडतं आणि आतल्या सज्जात माणूस कोरडा उभा राहतो. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाच्या राज्यावरची भारताची लष्करी कारवाई, सुरू झालं तेव्हा भारतीय फौज सोलापूरकडून ह्याच रस्त्यानं आली, बोरीवरचा पूल शाबूत हातात आला, आणि मग रणगाड्यांचा ताफा पुढं जळकोटकडं निघाला. १७ तारखेला निजाम शरण आला. मुक्तिसंग्रामावर बोलताना नळदुर्गचं नाव घाईत घेतात, ते चुकीचं आहे.

बाकीचे अर्थ भराभर. अमेरिकेत पोहायच्या तलावाला टँक म्हणायचे, पोहायच्या कपड्याला टँक सूट, त्यावरून बिनबाह्यांचा टँक टॉप. बॉक्सिंगमध्ये पैसे घेऊन मुद्दाम पडणाऱ्यानं तलावात सूर मारला असं म्हणायचे, आता शेअर आपटला की तो टँक झाला म्हणतात. थिंक टँक म्हणजे आधी गमतीनं डोकं, नंतर सल्ला देणाऱ्या संस्था.

आणि टँकर हा आधी ट्रक नव्हताच, ते तेलाचं जहाज. १८८६ मध्ये इंग्लंडात बांधलेल्या ग्लुकआउफ या जहाजाच्या पोटातच तेलाच्या टाक्या होत्या, आजच्या तेलवाहू जहाजांचं ते मूळ धरतात. पाण्यासाठी हे नाव रस्त्यावर मागाहून आलं. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूरला रस्ता पण पुरला नाही. तेलाचे टँक वॅगन राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन मिरजेला आणले, कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी भरलं, आणि १२ एप्रिलला पहाटे दहा वॅगनची पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन लातुरात आली. पुढं पन्नास वॅगन लागायला लागले, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. गाडीचं सरकारी नाव जलदूत, लातूरकरांनी तिला पाण्याची रेल्वे म्हणलं.