प्रतिबंधात्मक स्थानबद्धता

घडलेल्या गुन्ह्याबद्दल नव्हे, तर पुढे घडू शकेल असे कृत्य रोखण्यासाठी एखाद्या व्यक्तीस खटल्याविना बंदिवासात ठेवणे. ही शिक्षा मानली जात नाही, म्हणून फौजदारी खटल्यातील पुराव्याची कसोटी तिला लागत नाही. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याचे ‘समाधान’ पुरेसे ठरते.

भारतातील उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो अठराव्या शतकाच्या अखेरच्या, ईस्ट इंडिया कंपनीविषयक ब्रिटिश कायद्यांपर्यंत नेतात. बहुसंख्य लेखक मात्र १८१८ चा बंगाल विनियम ३ हाच आरंभ धरतात आणि ते अधिक सयुक्तिक वाटते, कारण ‘राज्याच्या कारणास्तव’ मुदतीविना बंदिवास ही कल्पना त्यात स्पष्टपणे मांडलेली दिसते. अशा ‘राजबंद्या’ची वर्तणूक व प्रकृती यांचा अहवाल दर १ जानेवारी व १ जुलैला गव्हर्नर जनरलकडे धाडावा, असेही त्यात होते. वर्षातून दोनदा का होईना, फेरविचार होण्याची ती सोय होती. मुंबई इलाख्यात १८२७ चा विनियम २५ याच धर्तीचा. रँडवरील हल्ल्यानंतर १८९७ मध्ये पुण्याचे सरदार नातू बंधू याच विनियमाखाली पकडले गेले. त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही.

संविधानाने ही तरतूद टाकून दिली नाही, उलट मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच ठेवली, ही गोष्ट बोचणारी आहे. अनुच्छेद २२ अन्वये तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे तर स्थानबद्धतेस पुरेसे कारण आहे असे, प्रकरण तपासणाऱ्या सल्लागार मंडळाचे मत लागते. कारणे शक्य तितक्या लवकर कळवावी लागतात आणि निवेदनाची संधी द्यावी लागते. सार्वजनिक हिताविरुद्ध वाटणारी तथ्ये मात्र सरकार दडवू शकते. ए. के. गोपालन खटल्यात (१९५०) सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियम उचलून धरला, तरी न्यायालयापुढेही कारणे उघड करण्यास मनाई करणारे त्यातील कलम १४ रद्द केले.

स्थानबद्धाचे खरे संरक्षण कारणांच्या त्या कागदातच आहे. हरिकिसन वि. महाराष्ट्र राज्य (१९६२) या नागपूरच्या प्रकरणात आदेश व कारणे इंग्रजीत दिली होती. स्थानबद्धाने हिंदी भाषांतर मागितले, ते नाकारले गेले. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी हिंदीत समजावले होते. तेवढे पुरत नाही, कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत लेखीच हवीत, असे ठरून त्याची सुटका झाली. आजही अनेक आदेश अशाच मुद्द्यांवर रद्द होतात. याला तांत्रिक पळवाट म्हणणे अन्यायाचे आहे. कोठडीतल्या माणसाकडे उत्तर देण्यासाठी तेवढाच आधार असतो.

आणीबाणीत नेमका तोच काढून घेतला गेला. ‘मिसा’त (अंतर्गत सुरक्षा राखण्याचा अधिनियम, १९७१) घातलेल्या कलम १६-अ ने कारणे कळवण्याचे बंधन उठवले आणि २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ साठी न्यायालयाची दारे बंद झाली. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकण्याजोग्या मानल्या. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मताने ते अमान्य केले. विरोधी मत न्या. ह. रा. खन्ना यांचे. बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते. हा निर्णय २०१७ मध्ये, तोही खाजगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात, चुकीचा ठरवून मोडीत काढला गेला; त्यातील मुख्य निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

‘मिसा’ १९७८ मध्ये रद्द झाला. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा अधिनियमात कमाल मुदत बारा महिने असून सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. महाराष्ट्रात बातम्यांतून नित्य दिसणारा ‘एमपीडीए’ (१९८१) हा घातक कृत्यांना आळा घालण्यासाठीचा राज्याचा स्थानबद्धता कायदा मुळात झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले व अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी होता; पुढे धोकादायक व्यक्ती, वाळू तस्कर इत्यादींची त्यात भर पडली.

चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७८) अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरवले. तिच्याच कलम ३ ने तीन महिन्यांची मुदत दोनवर आणली आणि सल्लागार मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीवर सोपवली. हे कलम मात्र केंद्राच्या अधिसूचनेनंतरच लागू व्हायचे होते. ए. के. रॉय खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश सरकारला देण्यास नकार दिला. ती अधिसूचना अद्याप निघालेली नाही.